दार उघडलं का

शोरूममधल्या पोराने काचेच्या टेबलावर
पाच चांदण्या मांडल्या.
"मोठ्यांसाठी पाच, मॅडम, लहान मुलांसाठीही पाच."
गाडी आखूड, आत सगळं चामडं,
किंमत दवाखान्याच्या वरच्या मजल्याएवढी.
मग टॅबवर एक पिवळा बाहुला
भिंतीकडे निघाला, फुग्यात तोंड खुपसून
सावकाश मागे आला.
बाहुल्याच्या मांडीवर डबा नव्हता.
आमच्याकडे पुढे बसतो त्याच्या मांडीवर असतो,
स्टीलचा, चार कप्प्यांचा.

ताशी चौसष्ट, मी लिहून घेतलं.
आर्वी-तळेगाव रस्त्यावर चौसष्टने
फक्त नवरदेवाची गाडी जाते.

आणि भिंत तर आपल्या रस्त्यात कुठेच नाही.
रोही आहे, दोनशे किलोचा.
बॉनेटला त्याचे फक्त पाय लागतात,
बाकी सगळा रोही काचेतून आत येतो.
कपाशीची ट्रॉली आहे, मागे दिवा नसलेली,
आणि ती हाकणारा श्रावण खोडे,
उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू,
"वेचणी झाली का येतो" म्हणून गेला
त्याला तीन वेचण्या झाल्या.
या रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर
मी चेहऱ्याने नाही, बुबुळांनी ओळखते.
हे कुठल्या चांदणीत धरलंय?

टेस्ट ड्राइव्हची गाडी मी चौफुलीवर नेली,
गुणवंत उमपांच्या डेंटिंग-पेंटिंगपाशी.
मागे बाभळीखाली त्यांच्या क्रेनने उचलून आणलेल्या गाड्या,
एकीच्या स्टिअरिंगवर सुगरणीचं तुटकं घरटं.
माहितीपत्रक त्यांनी बाजूला ठेवलं.
"चांदन्या रात्री पाह्याच्या, बाई. हे पाहा."
शंभर पानी वही, पानापानावर ग्रीसचे अंगठे.
वर गाडीचं नाव, खाली नंबर,
पुढे एकच रकाना:
दार उघडलं, नाहीतर दार कापलं.
"मानूस वाचला का गेला, ते नाही लिहत मी.
ते तुमचं काम. मी माह्यापुरतं लिहतो."

एका साध्या गाडीला अकरा वेळा "उघडलं".
एका रुबाबदार, काळ्या काचांच्या गाडीला
चारपैकी चार "कापलं",
चौथ्यापुढे बारीक अक्षरात:
मागच्यानं पट्टा नोता लावला.
"सीटकव्हरखाली दाबून ठेवतेत लोकं.
टोचते म्हनतेत."

"आणि ही?"
बोटाला थुंकी लावून वही शेवटपर्यंत गेली.
"एकबी नाही आली."
मला बरं वाटलं.
"तुमाले बरं वाटलं," ते म्हणाले,
"पन इकडं घेतलीच कोनं? तिले पत्र्यानं नाही,
किमतीनं वाचवलं आजवर."
माझ्या शोधनिबंधावर परीक्षकाने
हेच लिहिलं होतं, तीन पानं घेऊन.

मग खांबावर टिचकी मारून ऐकलं,
टायरखाली वाकले, उठताना गुडघा धरला,
आणि मला मागच्या सीटवर बसवलं.
"डोळे मिटा. आता कडी शोधा."
रोज लोकांच्या डोळ्यांना पट्टी बांधून
"घाबरू नका, हाताने पाहा" म्हणणारी मी
चामड्यावर चाचपडत राहिले.
काचेचं बटण. आरसा. कुठलीतरी चांदीची पट्टी.
चौथ्या खेपेला सापडली.
"रोज एकदा करा," ते म्हणाले, "पाठ होते."

वहीत त्यांनी नवं पान काढलं,
गाडीचं नाव माहितीपत्रकात पाहून
एकेक अक्षर उतरवलं. खाली रेघ.
"नंबर नका लिहू," मी म्हटलं.
"नंबर तं," पेन कानामागे खोचत,
"आल्यावरच लिहतो."

परतताना पोराने विचारलं,
बुकिंग करायचं ना, मॅडम?
पुढे ट्रॉली डुलत होती,
कापसाचे पुंजके काचेला येऊन चिकटत होते.
म्हटलं, आधी हॉर्न दे, थांबव त्याला.
त्याला गुरुवारची तारीख द्यायची आहे.